घोरणाऱ्या नवरदेवाचं गाणं

ओरेस्त सरांच्या घरी मी नऊ वर्षं दर गुरुवारी जाते आहे. माझी मुलगी वल्लरी त्यांच्याकडे पियानो शिकते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गाडी चालवणं सोडलं, तेव्हापासून त्यांना किराण्याला, डॉक्टरकडे मीच नेते. अमेरिकेतल्या या ॲन आर्बरच्या बर्फात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला बसची वाट बघत कोण उभं करणार?

सर मूळचे युक्रेनमधल्या पोल्टावाजवळचे. वडील साखर कारखान्यात फिटर. खार्किवमध्ये सरांनी बावीस वर्षं संगीतरचना शिकवली, स्वतःही भरपूर लिहिलं. सत्त्याण्णव साली बायको मारूस्याच्या बहिणीच्या आधारानं ते इथे आले. इथे त्यांची पदवी कुणी विचारात घेतली नाही. आधी एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घातल्या, मग घरीच मुलांना शिकवू लागले. मुलं बहुतेक आमचीच, देशी. कॉलेजच्या अर्जात एक ओळ वाढावी म्हणून येणारी, आणि अर्ज गेला की पियानोवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग रचणारी. हे सांगताना मला लाज वाटते, कारण आमच्याही घरी तेच होणार आहे. त्याच त्या चुका ऐकून सरांचे कान दमलेत. हल्ली ते मुलांना थांबवतही नाहीत, नुसते डोळे मिटतात.

इथे आल्यापासून त्यांची स्वतःची एकही रचना कुठे वाजली नव्हती. युद्धामुळे युक्रेनचं नाव बातम्यांत आलं आणि जवळच्या एका कॉलेजच्या कॉयरला, म्हणजे समूहगान गाणाऱ्या वृंदाला, त्यांची आठवण झाली. काहीतरी द्या, म्हणाले. सरांनी कपाटातून आपली सगळ्यात लाडकी रचना काढली.

ते लग्नातलं गाणं होतं. दोन्हीकडचे वऱ्हाडी एकमेकांना टोमणे मारतात. तुम्ही आंदण दिलेली गाय लंगडी, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, तुमचा नवरदेव असा घोरतो की कोंबडा आरवायचं विसरतो. माझं माहेर नागपूरचं, विहिणींची चिडवाचिडवी मी लहानपणापासून ऐकलेली, त्यामुळे सरांनी अर्थ सांगितला तेव्हा मी खो खो हसले. पहिल्याच पानावर त्यांनी सूचना लिहिली होती, ‘झपाट्यानं, हसू दाबत’. मारूस्या हे पहिल्यांदा ऐकताना खुर्चीवरून घसरली होती म्हणे. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

कॉयरची संचालिका सज्जन बाई होती. तालमीत ती अदबीनं म्हणाली, “सर, जरा संथ घेऊ या का? लोक मनात दुःख घेऊन येणार आहेत.”

सरांनी पहिल्या पानावरच्या सूचनेवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, “घ्या.”

कार्यक्रमाच्या छापील पत्रिकेत ‘मायभूमीचा विलाप’ असं नाव होतं. साठ गळे सावकाश, कण्हत सांगत होते की नवरदेव घोरतो. सबंध सभागृहात ती भाषा समजणारे एकटे सरच. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती, आणि माझा नुसता संताप होत होता. शेवटी सगळे उठून उभे राहिले. सर स्टेजवर गेले आणि कमरेत वाकले.

गाडीत बसल्याबसल्या वल्लरी माझ्यावरच उखडली, “आई, दे टोटली रुइन्ड इट! तू काही बोलली का नाहीस?”

सरांनी मला एवढंच विचारलं, “कुणी हसलं का?”

“नाही, सर.”

पुढच्या गुरुवारी आणखी तीन कॉयरची पत्रं आली होती. सगळ्यांना तो विलाप हवा होता. सर टेबलाशी बसले, पहिल्या पानावरची जुनी सूचना त्यांनी खोडली आणि वर लिहिलं, ‘अतिशय संथ’. मला राहवलं नाही.

“सर, मारूस्यांना काय वाटलं असतं?”

“म्हाताऱ्या, भित्रा आहेस, म्हणाली असती.” त्यांनी पानं माझ्या हातात दिली, स्कॅन करून पाठवायला. “लता, झपाट्याचं गाणं इतकी वर्षं कपाटात पडून होतं. संथ आहे म्हणून गातायत. मी आता दमलोय, गाऊ देत. पण शब्द मी एकही बदललेला नाही. कधीतरी, कुठल्या तरी हॉलमध्ये ती भाषा कळणारा एखादा बसलेला असेल. तो एकटाच मोठ्यानं हसेल, आणि सगळे त्याच्याकडे रागानं बघतील.”