ब्रेकची हवा काढताना

आमच्या गोंदियाच्या शेठजींनी मोटार विकली. घेणाऱ्याने मोटारीबरोबर ती सांभाळणारे मिस्त्रीही मागून घेतले. शनिवारी मिस्त्री राजनांदगावला गेले.

"दाबा, बाई. धरून राहा. सोडा." त्यांचा आवाज मला आठवतो तो असा, मोटारीखालून येणारा.

तुम्ही हे काम पाहिले नसेल तर सांगते. ब्रेकच्या नळीत तेल असते. तेलात हवा शिरली की पायडल मळलेल्या कणकेसारखे मऊ लागते. मग एकाने वर बसून पायडल दाबायचे आणि दुसऱ्याने चाकामागचा नट सैल करून थोड्या तेलाबरोबर हवा खालच्या बाटलीत सोडायची; बाटलीत बुडबुडे यायचे थांबले की हवा संपली. दोघांना एकमेकांची तोंडे दिसत नाहीत.

मिस्त्रींचा मदतनीस लढाईवर गेला होता. मी मुलींच्या शाळेत शिकवायचे. माझी खोली मोटारीच्या शेडला लागून. एका रविवारी ते दारात येऊन, मान खाली घालून म्हणाले, "बाई, जरा एक पाय पाहिजे होता."

समोरच्या काकू ओट्यावरून ओरडल्या, "पाहा व माय, मास्तरीणबाई मोटार चालवून राहिल्या!"

"चालवून नाही, थांबवून राहिल्या," मिस्त्री खालून म्हणाले.

मी पुस्तक घेऊन बसत असे. पान उलटल्याचा आवाज झाला की खालून येई, "डोकं राहू द्या तिकडं बाई, पाय इकडं पाहिजे."

विलायती तेल मिळेनासे झाले तेव्हा ते एरंडेल आणि स्पिरिट मिसळून तेल करू लागले. एरंडेलाचा वास लहानपणापासून मला नकोसा. पुढे तो आवडू लागला.

शुक्रवारी नव्या मालकाचा माणूस मोटार न्यायला येऊन फाटकाशी थांबला. सालेकशाकडच्या जंगलातून जायचे होते, आणि पायडल मऊ असेल तर मोटार उतारावर घालायची नाही, हा मिस्त्रींचा नियम. मी दाबले. पायडल दगडासारखे कडक होते.

"कसं आहे, बाई?"

"मऊ लागतं."

"बाटलीत बुडबुडा तं नाही येऊन राहिला."

"तरी मऊ लागतं."

खाली पाना पुन्हा नटावर बसला. मग, "दाबा. धरून राहा."

तसेच करत राहिलो. तेल संपले. मिस्त्री बाहेर आले, हात पुसले आणि त्यांनी स्वतः पायडल दाबून पाहिले. जरा वेळ पाय तसाच ठेवला.

"हो गया क्या, मिस्त्री?" फाटकावरून हाक आली.

"नहीं भई, नरम है. तेल बनाना पडेगा. कल निकलेंगे."

माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "हाव बाई. मऊच आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेल केले. मी वर बसले. त्या दिवशी पुस्तक नेले नव्हते.

"कसं आहे, बाई?"

"कडक आहे," मी म्हणाले.

गोंदियात आता मोटारी बऱ्याच झाल्या आहेत. त्यांच्या ब्रेकची हवा कोण काढते, मला माहीत नाही.