पाचाचे आठ

"काकू, कापूस नंतर, आधी कुकरच्या शिट्ट्या मोजा."

हा शेरा सरांनी मोठ्यानं वाचून दाखवला. रविवारची सकाळ, थेट कार्यक्रम. पडद्यावर डाव्या चौकटीत पुण्यातले सर, उजव्या चौकटीत हुडकेश्वरच्या घरातल्या बेडरूममध्ये बसलेली मी. खाली प्रेक्षकांचे शेरे धो धो येत होते. सर त्यातले निवडून निवडून वाचत होते आणि हसत होते.

आणि मी? मीही हसले. चांगली दात दाखवून हसले. ते हसू अजून इंटरनेटवर आहे. कोणीही बघू शकतं. मी बघितलेलं नाही.

मी व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहिते. वय एकोणपन्नास. ही दोन वाक्यं लागोपाठ सांगितली की नातेवाईक दुसऱ्यांदा चहा विचारत नाहीत. आम्ही नवरा-बायको पूर्वी सायबर कॅफे चालवायचो. गिऱ्हाईक नसलं की मी खेळत बसायचे. मेथी निवडावी तशा बंदुका निवडायचे. मोबाईल आले, कॅफे बंद पडला, नाद तेवढा राहिला. मग पुण्याच्या एका संकेतस्थळावर लिहायला लागले. सर तिथले संपादक. माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मी त्यांना सर म्हणायचे. ते मला फोनवर ताई म्हणायचे आणि लोकांसमोर काकू.

तो गेम शेतीचा होता. आपल्या देशात बनलेला, आपल्या मातीतला, अशी जाहिरात. चाहते कधीपासून डोळे लावून बसले होते. परीक्षण करणाऱ्यांना गेम बाजारात येण्याआधी मिळतो, तसा मला मिळाला. मी खेळत होते, आई शेजारी बसून बघत होती. आई सावनेरकडची. आपल्या वावरात कापूस वेचला, दुसऱ्यांच्या वावरातही मजुरीनं वेचला. गेममधली बाई विळा घेऊन शेतात शिरली आणि कापसाची झाडं सपासप कापत सुटली. झाड पडलं की एक गाठोडं. गाठोडं मिळालं की टाळ्या.

आई म्हणाली, "काय करून राहिली वं हे? पऱ्हाटी कापून राहिली?"

"आई, गेम आहे तो."

"मंग दुसरा वेचा कुठून येईन?"

एकाच झाडावरून कापूस तीन-चारदा वेचतात, हातानं, कमरेला ओटी बांधून. पऱ्हाटी कापतात ती सगळं संपल्यावर, चुलीत घालायला. हे मला माहीत नव्हतं का? लहानपणी बोंडांच्या टोकांनी माझीही बोटं फाटलेली आहेत. पण गाठोडी मिळत होती, टाळ्या वाजत होत्या. मीही कापत सुटले होते. आईनं बोट ठेवल्यावर बाकीचंही दिसायला लागलं. एवढ्या मोठ्या शेतात वेचणाऱ्या बायाच नव्हत्या. एकही नाही. चित्र सुंदर, आत काही नाही.

दहापैकी पाच दिले. कापसाचा परिच्छेद सगळ्यात वर घातला.

मग सुरू झालं. किती घेतले. परदेशी कंपनीनं विकत घेतली हिला. हिला शेतीतलं काय कळतं. गेम अजून बाजारात यायचा होता. हे लिहिणाऱ्यांपैकी एकानंही तो खेळलेला नव्हता. खेळले होते मी. तरी लाज मला वाटत होती. या वयात कशाला नको तिथे तोंड घालतेस, असं मीच मला म्हणत होते.

त्या रविवारी कार्यक्रम संपल्यावर सरांचा फोन आला.

"ताई, इतकं बारीक कोण बघतं? कापूस कापा नाहीतर वेचा, शेवटी गेम आहे. आठ करून टाका. आणि तो परिच्छेद जरा गावठी वाटतो."

गावठी.

मी म्हटलं, "हो सर."

दोन मिनिटांचं काम. पाच काढले, आठ टाकले. परिच्छेद पुसला. आणि कोणी न सांगता, स्वतःच्या अकलेनं, एक ओळ वाढवली. 'पुन्हा खेळल्यावर माझं मत बदललं.' मी पुन्हा खेळलेच नव्हते. तेवढं तर सरांनीही मागितलं नव्हतं. ती लबाडी माझी, घरी केलेली.

संध्याकाळपर्यंत वारं फिरलं. काकू प्रामाणिक निघाल्या. चूक मान्य करायला हिंमत लागते. खरं लिहिलं तेव्हा मी विकली गेले होते. खोटं लिहिलं तेव्हा प्रामाणिक झाले. आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण मला बरं वाटलं. दोन-तीन शेरे मी मोबाईलवर जपूनही ठेवले.

दोन दिवसांनी आई वाटाणे सोलत होती.

"लिवलं का वं तू? पऱ्हाटी कापत नाही म्हणून?"

"लिवलं होतं."

"होतं म्हंजे?"

"काढलं. लोकं हसून राहिले होते."

आईनं चार शेंगा सोलल्या.

"आमचा वेचलेला कापूस मालक काट्यावर घे. म्हने, ओला हाय, दोन किलो कमी धर. उनात वाळलेला कापूस. आमी बाया हासो. बोललं तर दुसऱ्या दिवशी वावरात येऊ देत नव्हता." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काहून हासली त्या दिवशी?"

त्या रविवारी ती दारात उभी होती. मला माहीत नव्हतं.

मी उठले, गेम लावला. तीन दिवस खेळले, अगदी शेवटपर्यंत. पऱ्हाटी शेवटपर्यंत कापावीच लागते. मग परीक्षण उघडलं. आठ काढले, पाच टाकले. परिच्छेद परत सगळ्यात वर. त्याच्याखाली लिहिलं, 'आठ खोटे होते. पुन्हा खेळले असं लिहिलं, तेही खोटं होतं. आता खेळले आहे. पाचच.'

तासाभरात फोन.

"काकू, काय केलंत हे? लगेच काढा. नाहीतर पुढचा गेम तुमच्याकडे येणार नाही."

या वेळी फोनवरही काकूच.

"नाही काढत."

"लोक काय म्हणतील, कळतंय का?"

"विकली गेली म्हणतील. म्हणू द्या."

सर म्हटलं नाही. पहिल्यांदाच.

परीक्षण त्यांनी काढलं. माझं नावही काढलं. मी ते माझ्या पानावर टाकलं. वाचणारे मोजके, शिव्या देणारे जास्त. शिव्यांत कुकर आहे, शिट्ट्या आहेत, आता नातवंडंही आली आहेत, जी मला नाहीत.

जपून ठेवलेले ते शेरे पुसले. हसण्याचा तो व्हिडिओ मात्र पुसता येत नाही, तो त्यांच्याकडे आहे. राहू दे. माझ्या पानावर सगळ्यात वर मी त्याचाच दुवा दिला आहे. ही हसणारी बाई मीच. आता कोणी कितीही हसो, मी त्यात हसणार नाही. आणि पाचाचे आठ करणार नाही.