पाच हातांतले कापड

मोहाडीचे कापडव्यापारी दशरथजी टसर रेशमाचे कापड घेताना ते आधी पाच जाणत्यांच्या हाती देत आणि मगच भाव बोलत. घराण्याची ही रीत त्यांनी देवपूजेच्या निष्ठेने पाळली. त्याच निष्ठेने त्यांनी मुलीचे शिक्षणही पाच हातांत दिले, याचे मला आजही वैषम्य वाटते.

भंडारा जिल्हा विभागून तेव्हा बरीच वर्षे लोटली होती. सुनंदाला पदार्थविज्ञान शिकायचे होते. पुण्याकडच्या एका लिबरल आर्ट्सच्या महाविद्यालयात तिला शुल्कमाफीसह प्रवेश मिळत होता. तेथे पहिल्या वर्षापासून स्वतःचे प्रयोग करता येत आणि जोडीला तत्त्वज्ञान, इतिहासही शिकता येई. होकार आठवड्याभरात कळवायचा होता.

"गुरुजी, नावातच आर्ट्स हाय. मंग तिथं सायन्स कायले शिकाचं?" दशरथजींनी विचारले.

मी शिकवी त्या संस्कृत पाठशाळेत व्याकरण, तर्क आणि ज्योतिष एकाच सतरंजीवर बसून शिकत. एका विद्येने दुसरी विटाळत नाही, असे मी सांगितले. "बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. मी समाधानाने संध्येला बसलो.

दुसऱ्या दिवशी बाजारात धानाचे दोन व्यापारी हसले, "सायन्स बी आन् कविता बी? लग्नाची पंगत हाय का, सगळंच वाढाले?" दशरथजींना तेही पटले. आंधळगावचे मेहुणे म्हणाले, "भाऊजी, आर्ट्सले नापास पोरं जातात." तेही पटले. सकाळी मी समजवावे आणि सायंकाळपर्यंत ते पुसले जावे! भगवंताने मला दिलेला धीर त्या आठवड्याला पुरला नाही.

पाचवे मत हेडमास्तरांचे हवे होते आणि ते परगावी गेलेले. परतताच त्यांनी "अवश्य पाठवा" म्हटले. दशरथजी धावत घरी आले. मी ओसरीवरच होतो.

"सुनंदे, कर फोन! पाची झाले."

"बाबा, मुदत काल सरली."

"काल काहून नाई सांगतलं, माय?"

"रोज सांगत होती. तुमी म्हणत होते, थांब, एक हात बाकी हाय. पाच जनायले इचारलं. मले इचारलं का?"

फोन केला. जागा दुसऱ्याला गेली होती. दशरथजी टोपी हातात घेऊन बसून राहिले.

सुनंदा भंडाऱ्याला बी.एस्सी. करू लागली. रविवारी दशरथजी तिला तर्कशास्त्रासाठी माझ्याकडे आणत आणि स्वतः बाहेर ओट्यावर बसत. देह ठेवीपर्यंत त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

एकदा धुरावरून अग्नीचे अनुमान शिकवीत होतो. ती म्हणाली, "गुरुजी, हे करून पाहू ना." माझ्यापाशी फक्त पोथी होती. पुण्याकडच्या त्या महाविद्यालयात तर्काच्या वर्गाच्या भिंतीपलीकडेच प्रयोगशाळा होती.