ड्राइव्ह मेली म्हणे!

रेकॉर्डवाल्या मावशी तशा शांत. इस्पितळाच्या तळघरात बावीस वर्षं पेशंटच्या जुन्या स्कॅनच्या डिस्क सांभाळल्या, कधी आवाज चढवला नाही. पण त्या दिवशी त्यांचं डोकं असं तापलं की विचारू नका. तापणार नाही तर काय!

चार महिन्यांपूर्वी त्यांच्या कॉम्प्युटरवरून डिस्कची ड्राइव्ह गायब झाली. म्हणजे ड्राइव्ह जागेवरच होती, बटण दाबलं की ट्रे बाहेर यायचा, दिवा लुकलुकायचा; पण पडद्यावरच्या यादीत तिचं नावच नाही. कॉम्प्युटर खात्याचे साहेब आले. त्यांना सगळे पासवर्डसाहेब म्हणत, कारण त्यांच्या पासवर्डशिवाय इथे पान हलत नसे. साहेबांनी ड्राइव्ह बदलली. नवीही दिसेना. पुन्हा बदलली, तीही दिसेना. मग निकाल देऊन मोकळे झाले, "या ड्राइव्ह मरतातच. डिस्कचा जमाना गेला, मावशी." ओळीने तीन मेल्या म्हणे! साथच आली होती जणू.

आणि आज एक बाप समोर उभा. पोरीच्या डोक्यात गाठ, उद्या सकाळी ऑपरेशन. सर्जनबाईंनीच त्याला पाठवलं होतं. सहा वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्येही गाठ एवढीच असेल, तर डोकं उघडायची गरज नाही. डिस्क मावशींना दोन मिनिटांत सापडली. पण ते जुने स्कॅन उघडणारा प्रोग्रॅम फक्त याच कॉम्प्युटरवर होता.

मावशींनी साहेबांना फोन लावला.

"रिस्टार्ट करून बघा."

"अहो, चार महिने तेच करतेय!"

"मग नाही व्हायचं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मावशींनी दातओठ खात रिस्टार्ट केलं आणि पहिल्यांदाच पडदा नीट वाचला. सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर ड्राइव्हचं नाव स्वच्छ आलं, कॉम्प्युटर पूर्ण चालू झाल्यावर गडप. म्हणजे मेली नव्हतीच मुळी! मग त्यांनी सेटिंगमधली आतल्या उपकरणांची वेगळी यादी उघडली; तिथे तिच्यापुढे पिवळी खूण होती आणि बिघाडाचा क्रमांक. तो त्यांनी मोबाइलवर शोधला. दहा मिनिटांत उलगडा झाला. डिस्कवर माहिती भरायचा एक प्रोग्रॅम चार महिन्यांपूर्वी साहेबांनीच काढून टाकला होता आणि त्याच्या दोन नोंदी मागे राहिल्या होत्या, ड्राइव्ह वापरण्याआधी मला विचारा म्हणून. बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याच्या सहीसाठी फाइल अडावी, तसा कॉम्प्युटर नसलेल्या प्रोग्रॅमसाठी अडून बसला होता.

नोंदी पुसायला पासवर्ड हवा. मावशी तरातरा तिसऱ्या मजल्यावर गेल्या.

"साहेब, खाली चला."

"जेवून येतो."

"जेवण राहू द्या! उद्या एका पोरीचं डोकं उघडतायत. आत्ता चला!"

साहेब डबा तसाच ठेवून खाली आले. मावशींनी बोट ठेवलं त्या दोन नोंदी त्यांनी पासवर्ड टाकून पुसल्या, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. ड्राइव्ह यादीत हजर! गाठ सहा वर्षांपूर्वीही तेवढीच होती. सर्जनबाईंनी ऑपरेशन रद्द केलं, आणि बाप तिथेच स्टुलावर बसून ढसाढसा रडला.

"छोटीशी गोष्ट होती की," साहेब म्हणाले.

"छोटीशी? चार महिने, साहेब! एकदा तरी तो क्रमांक वाचायचा होता!"

साहेबांनी काढता पाय घेतला. मावशींचा राग मात्र उतरेना, कारण त्यातला अर्धा स्वतःवरच होता. क्रमांक त्यांच्याही डोळ्यांसमोरच होता ना! साहेब म्हणाले म्हणून त्यांनी मान डोलावली आणि अकरा जणांना 'ड्राइव्ह बंद आहे' सांगून परत पाठवलं. परत पाठवलेल्यांचे नंबर टिपलेली वही उघडून त्यांनी पहिला नंबर लावला.

"बाई, तुमच्या आईंचा जुना स्कॅन आता मिळेल. या घ्यायला."



"आता कशाला हो, मावशी? जुनं काही मिळेना म्हणून ऑपरेशन केलं डॉक्टरांनी. आई त्यातून उठलीच नाही."