वांग्याची फोड आणि थोरले साडू

माझ्या थोरल्या साडूंइतका ऑक्सिजनवर डूख धरलेला माणूस अख्ख्या नागपुरात शोधून सापडायचा नाही. जन्मभर कॉलेजात जीवरसायन शिकवलं आणि निवृत्तीनंतर नंदनवनातल्या घरी जेवणाच्या टेबलावरच वर्ग उघडला. बायकोनं भाजीला वांगी चिरायला घेतली की हे एक फोड पळवणार, बशीत ठेवणार आणि आलेल्या माणसाला, मग तो सिलिंडरवाला का असेना, ती हवेतल्या ऑक्सिजननं काळी पडेपर्यंत बसवून ठेवणार. "पाहून राहिला ना गा? ज्याच्यावर जगतो, तोच जाळून राहिला!" आतून माझी मेहुणी म्हणे, "वांगं शिकवायले अन् वरण खायले!" वर्ग संपला की पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवून हात हलवायचा, हा त्यांचा नेम.

दोन वर्षांपूर्वी त्यांनाच स्नायूंच्या दाहाचा आजार जडला. केस विंचरायला हात वर जाईना, खुर्चीतून उठवेना. आमची पाचावर धारण बसली. हे मात्र खुलले. "शरीराचे राखणदारच स्नायूत घुसले गा! पेशीतल्या चुली बिघडल्या, धूर सोडून राहिल्या, अन् त्या धुरानं आणखी चुली बिघडून राहिल्या." नातेवाइकांनी उपाय म्हणून संत्र्यांच्या पेट्या आणल्या. "संत्र्यानं हे थांबत असतं, तर नागपुरात आजारी कोण पडलं असतं?" असं म्हणत ते डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर घेत आणि संत्री आम्हालाच चारत.

हात न टेकता खुर्चीतून उठायचं, ही परीक्षा ते रोज स्वतःच घेत. एकदा अर्ध्यावर अडकलेले पाहून मी दंड धरून उठवलं, तर पुन्हा खाली बसले. "कॉपी नाही चालत गा. नापास होऊ दे मले." मी चांगलाच ओशाळलो.

परवा निघताना मी चपला घालायला मुद्दाम वेळ लावला. मागे खुर्ची करकरली, थांबली, पुन्हा करकरली. मी वळलो नाही. फाटकाशी आलो तेव्हा साडू धापा टाकत मागे उभे होते. "पास!" म्हणाले. मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली, पण तोल जाईल म्हणून आवरलं.

स्कूटर सुरू करून मागे पाहिलं. त्यांचा उजवा हात वर जात नव्हता, म्हणून त्याचं कोपर डाव्या हातानं उचलून ते मला निरोप देत होते. मी दिसेनासा होईपर्यंत ते हात खाली घेणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणून वळणापर्यंत स्कूटर भरधाव काढली, आणि पुढे चौकात थांबून डोळे पुसले.