बेंजोचं मधलं म्युझिक

नव्वदच्या दशकातली नाचाची आणि पॉपची गाणी हा माझा विषय, असं आमच्या घरात अजून मानतात. आधार काय, तर तेव्हा पोशीरला आमच्या आळीत डबल कॅसेटचा टेप फक्त आमच्याकडे होता आणि त्याची बटणं मी दाबायचो. बटणं दाबणाऱ्याला गाण्यातलं कळतं, हा समज मी कधी खोडून काढला नाही. फुकटचा मान कोण सोडतो?

तो मान पुतण्याच्या साखरपुड्यात नडला. मला नाही, दादाला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शेती करतो आणि गावच्या बेंजो पार्टीत बेंजो वाजवतो. आमच्याकडे लग्नाला एखादा आला नाही तर चालतं, हळदीला नाही आला तर वर्षभर बोलणी खातो. अशा किती हळदी दादानं वाजवल्या त्याची गणती नाही. त्याचं एकच म्हणणं होतं, "आजवर लोकांना नाचवलं. पोराच्या हळदीला माझी पार्टी वाजवंल आन मी पुढं नाचीन."

पोराला हवा होता डीजे. "पप्पा, नाइंटीज थीम ठेवतोय. बेंजोवर थीम कशी होणार?"

वाद साखरपुड्यापर्यंत चालला. लोधिवलीच्या हॉलवर जेवणाला उशीर होता म्हणून नवरीच्या मामेबहिणीनं वेळ घालवायला क्विझ काढलं. विषय, नव्वदची गाणी. तीन प्रश्न आम्हाला, चुकला की गुण नवरीकडच्यांना. पुतण्यानं संधी साधली. "पप्पा, आपण जिंकलो तर तुमचा बेंजो. ते जिंकले तर डीजे."

दादा तयारच. माझ्या पाठीत थाप मारून म्हणाला, "आपला हा हाय ना!"

खरं तर मी तिथेच पोटदुखीचं निमित्त काढायला हवं होतं. त्याऐवजी मी शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

पहिला प्रश्न एका गाजलेल्या पॉप अल्बमचा. कव्हरवर गायकाच्या अंगात कुठल्या रंगाचं जॅकेट होतं? मी प्रश्न संपायच्या आत ओरडलो, "काळं!"

"लाल," मामेबहीण म्हणाली आणि मोबाइलवर फोटो दाखवला. भडक लाल.

मी तो फोटो मोठा करून पाहिला, बारीक करून पाहिला. मग आठवलं. आमची कॅसेट कर्जतच्या दुकानात भरून घेतलेली होती आणि तिच्या कव्हरची दुकानदारानं झेरॉक्स काढून दिलेली. माझ्या आयुष्यातले सगळे पॉप गायक काळंच जॅकेट घालायचे.

"अहो, तुम्ही तर म्हणायचात तुमच्याकडे ओरिजिनल कॅसेटी आहेत," शेजारून बायको म्हणाली. अशा गोष्टी तिला नेमक्या चारचौघांत आठवतात.

दुसऱ्या प्रश्नाला व्हिडिओतली गायिका कशावर उभी राहून नाचते असं विचारलं. मी ट्रक म्हटलं आणि तो ट्रकच निघाला. बरोबरी झाली. दादा खुर्ची ओढून पुढे येऊन बसला.

शेवटचा प्रश्न ऐकून मला हसू फुटलं. एका डान्स हिटचं पहिलं कडवं स्पीकरवर लावलं आणि थांबवलं. "आता यापुढचं मधलं म्युझिक गुणगुणून दाखवायचं, काका."

हे तर माझ्या रक्तात! मी उभा राहिलो, मांडीवर ठेका धरला आणि सुरू झालो. आमची सगळी बाजू टाळ्या देऊ लागली. वहिनी साडी सावरून उठली, आत्यानं फुगडीसाठी हात पुढे केला. नवरीकडची खोपोलीची मंडळी मात्र आमच्याकडे बघत बसली.

"काका, हे काय आहे?"

"मधलं म्युझिक!"

तिनं गाणं पुढे चालू केलं. कॅसिओवर वाजवल्यासारखं कसलं तरी टुकूटुकू आलं आणि संपलं. ते मी जन्मात ऐकल्याचं आठवेना. मी गायलो होतो ती आमच्या कोकणातल्या बाल्या नाचाची चाल. आमची पार्टी पहिल्या कडव्यानंतर ती घुसवायची, कारण नाचणाऱ्यांना त्याशिवाय उडी मारता येत नसे. गाणं मी टेपवर किती वेळा ऐकलं असेल आणि हळदीत किती वेळा, देव जाणे. डोक्यात राहिलं ते हळदीतलं.

"पण आमच्याकडे ते असंच वाजतं," मी म्हणालो.

"तुमच्याकडे वाजत असेल. गाण्यात नाहीये ना, काका."

मी मामेबहिणीशी भांडलो, पुतण्याशी भांडलो, गाणं पुन्हा लावायला लावलं. ते टुकूटुकूच निघालं. आमच्या बाजूची पन्नाशीतली निम्मी माणसं माझ्यासारखीच चकित झाली होती, पण मतदान घ्यायचं नव्हतं. शेवटी पानं मांडली आणि माझ्या तोंडात जिलबी कोंबून विषय बंद झाला.

परत येताना गाडी मी चालवत होतो, दादा शेजारी. चौक गावावरून कर्जतच्या रस्त्याला लागलो तोच त्याचा फोन वाजला. पार्टीतला ढोलवाला होता, स्पीकरवर.

"तारीख पक्की झाली ना रं? त्या दिसाची दुसरी सुपारी मी घेत नाय."

"घे," दादा म्हणाला.

"काय घे?"

"सुपारी. आली तर घे."

पलीकडून हळू आवाजात, "पोरगा नाय म्हनला व्हय?"

"नाय रं. आमी हरलो." दादानं माझं नाव घेतलं नाही. "सुपारी नाय आली तर समदी जेवाय या. मोकळ्या हातानं या."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "मी बोलतो पोराशी. असल्या प्रश्नांवर कुठं हळद ठरते का?"

"खेळायच्या आधी बोलायचंस."

"मग हळदीला तू नाचणार ना?"

दादानं काच खाली केली. "त्या टुकूटुकूवर उडी कुठं मारायची, ते आधी समजाय पायजे," तो म्हणाला.