‘व्हय’चं भाषांतर

चूक माझी होती. हे वाक्य इतक्या थोडक्यात मी पहिल्यांदाच लिहितो आहे. वकिली सुरू केल्यापासून माझ्या हातून ते दीड पानाचं व्हायचं आणि शेवटी चूक पावसाची ठरायची. तर, एका माणसानं मला प्रश्न विचारला आणि मी तो त्याची कबुली म्हणून लिहून घेतला. त्याची नोकरी गेली. मला नीट ऐकू आलं नाही, असं म्हणायची सोय होती. ती मी बरेच महिने वापरली.

सोय अशी, की मी आधी पायलट होतो आणि कानांमुळेच जमिनीवर आलो. वीसएक वर्षं प्रवासी विमानं चालवली. तेवढ्या काळात बारीक आवाज कानांतून एकेक करून उतरून गेले, आणि एका तपासणीत डॉक्टरांनी माझं उडणं बंद केलं. जिथं ऐकावं लागतं ते काम सुटलं, म्हणून जिथं ऐकलं नाही तरी चालतं असं काम शोधलं. चाळिशी उलटल्यावर पोरांच्या बाकावर बसून कायद्याची पदवी घेतली आणि कोल्हापुरात विमान कायद्याचा वकील म्हणून पाटी लावली.

पायलट होतो तेव्हा गावातली माणसं विचारायची, "वर गेल्याव खिडकी उघडती व्हय?" पाटी लागल्यावर समोरच्या चहावाल्यानं विचारलं, "विमानाचं वकील म्हंजे, विमान कोर्टात येणार कसं? दारात लावाय जागा हाय का?" त्याला वाटलं तेवढं काम थोर नव्हतं. ज्यांच्या बॅगा हरवल्या त्यांना, ती बॅग मुळात फार चांगली नव्हती, हे कंपनीच्या वतीनं पटवून देणं, हा माझ्या वकिलीचा मुख्य भाग होता. त्यात मी तरबेज झालो.

मग ते प्रकरण आलं. एका छोट्या कंपनीचं विमान आमच्या विमानतळावर उतरलं, सामान उतरवून झालं, आणि इंजिनिअरला सामानाच्या दाराशेजारी तळहाताएवढा पोचा दिसला. पुढचं उड्डाण रद्द झालं. बॅगांच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर त्या दिवशी शिरोळकडचा एक माणूस चालवत होता. उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या चिखलातून कारखान्यापर्यंत नेण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. असा माणूस कोरड्या सिमेंटवर चार बॅगा नेताना विमानाला धडकेल का, हा प्रश्न विचारण्यासारखा होता. म्हणूनच कुणी विचारला नाही.

चौकशीला बाहेरून दोन अधिकारी आले. त्यांना मराठी येत नव्हती, ट्रॅक्टरवाल्याला इंग्रजी येत नव्हती. मला दोन्ही येत होत्या. त्यामुळे कंपनीचा वकील आणि दुभाषी अशी दोन्ही कामं एकाच माणसाकडून आणि एकाच कप चहात झाली. यात काही गैर आहे असं त्या खोलीत कुणाला वाटलं नाही. मला वाटायला हवं होतं, कारण कायदा शिकलेला मी एकटाच होतो.

मी विचारलं, "ट्रॅक्टर मागं घेताना विमानाला धक्का लागला, हे तुम्हाला माहीत होतं?"

तो खुर्चीत ताठ झाला. डोळे मोठे झाले.

"व्हय?" तो म्हणाला.

आमच्याकडं ‘व्हय’ दोन आहेत. एक जागच्या जागी बसतो, तो म्हणजे ‘हो’. दुसरा शेवटाला वर जातो, तो म्हणजे ‘असं? आणि मला कुणी सांगितलं कसं नाही?’ कोल्हापुरात जन्मून ज्याला हा फरक कळत नाही त्याला मंडईत वांगीसुद्धा धड मिळायची नाहीत. त्याचा ‘व्हय’ वर गेला. चांगला खोलीच्या छताला लागला. मी तो इंग्रजीत अलगद खाली उतरवला: ‘येस’. पुढं पूर्णविराम दिला. पायलट म्हणून इतकं मऊ लँडिंग मला क्वचितच जमलं असेल.

"साहेब, पर मला कोण काय बोललंच न्हाय की," तो म्हणाला.

"ते नंतर विचारू," मी म्हणालो. नंतर विचारलं नाही.

सहीसाठी कागद पुढं केला तेव्हा त्यानं तो उलटसुलट पाहिला. "काय लिवलंयसा यात?"

"तुम्ही बोललात तेच."

"मग बास. तुमी आपल्याकडचंच हाईसा," असं म्हणून त्यानं सही केली.

असं मी का केलं, हेही सांगून टाकतो. धक्का त्याला माहीतच नसेल, तर पुढचा प्रश्न येणार होता: पोचा आधीचा तर नव्हता? मग उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी मारून सगळं ठीक असल्याचं लिहून देणाऱ्या पायलटला बोलवावं लागलं असतं. ती फेरी मी हजारदा मारली आहे. पावसात छत्री धरून, विमानापेक्षा स्वतःच्या बुटांकडं जास्त बघत मारली आहे. त्या पायलटला विचारणं म्हणजे मलाच विचारणं होतं. शिवाय कंपनीला फाईल संध्याकाळच्या आत मिटवायची होती. तो पोचा कुठला, हे मला आजही ठाऊक नाही. माहीत करून घ्यायची वेळ होती तेव्हा मी शुद्धलेखन तपासत होतो.

विमानात नुसतं ‘हो’ चालत नाही. खालून सूचना आली की पायलट ती शब्दन् शब्द परत म्हणून दाखवतो, आणि सांगणारा ती बरोबर आहे का ते ऐकतो. कधी न पाहिलेल्या माणसांशी मी वीस वर्षं असा बोललो. समोर बसलेल्या गाववाल्याला मात्र ‘तुम्ही हो म्हणताय ना?’ एवढंही विचारलं नाही.

त्याचा विमानतळाचा पास काढून घेतला. पासाशिवाय फाटकाच्या आत जाता येत नाही, म्हणजे नोकरी गेलीच.

काही दिवसांनी दुपारच्या चहाला मी ही हकिगत बायकोला सांगितली. एका बैठकीत प्रकरण कसं निकालात काढलं, याचा नमुना म्हणून सांगितली. तिनं कप खाली ठेवला. "व्हय?"

"मग काय तर."

"आत्ता मी काय म्हणाले?"

"‘व्हय’ म्हणालीस."

"म्हणजे तुमची हुशारी मी कबूल केली, असं लिहिणार तुम्ही?"

मी चहा पिऊन टाकला. गार झाला होता.

यानंतर मी लगेच शिरोळ गाठलं असेल, असं वाचकाला वाटत असेल तर वाचक फार चांगला माणूस आहे. मी आधी श्रवणयंत्र घेतलं. दोष कानांचा होता असं ठरवायचं, तर कानांवर उपचार केलेले बरे दिसतात. यंत्रामुळं कुकरची शिट्टी छान ऐकू येऊ लागली, आणि तिच्या मागं तो ‘व्हय’ही. शेवटी कंपनीला पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात ‘भाषांतरात त्रुटी राहून गेली’ असं होतं, जणू त्रुटी पाहुणी आली आणि पावसामुळं मुक्कामाला राहिली. अनेक मसुद्यांनंतर वाक्य झालं: ‘मी चुकीचं भाषांतर केलं आणि तेव्हाच मला ते ठाऊक होतं.’ कंपनीनं माझे आभार मानले आणि दुसरा वकील नेमला. ट्रॅक्टरवाल्याच्या पासाचा विषय ‘विचाराधीन’ आहे. म्हणजे काय, ते मी वकील असल्यामुळं मला माहीत आहे.

मग मी शिरोळला गेलो. तो रस्त्याकडेला दुसऱ्याचा ट्रॅक्टर धूत होता. मला बघून त्यानं पाण्याची नळी काही बाजूला केली नाही. माझे बूट भिजले.

"या, वकीलसाहेब! आता काय लिवून घ्यायला आलायसा?"

मी घरून पाठ करून गेलो होतो. "त्या दिवशी जबाब नोंदवताना माझ्याकडून अनवधानानं जी काही..."

"मराठीत बोला की."

"मराठीच आहे ही."

"आसंल. आमच्यातली न्हाय." त्यानं नळ बंद केला. "एकच सांगा. मी काय म्हणालो ते तुमास्नी कळलं न्हवतं, का कळून लिवलं?"

कानातल्या यंत्राकडं नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. त्यानं कदाचित कीवही केली असती. माझा हात वर गेलासुद्धा. तो मी खाली घेतला.

"कळलं होतं," मी म्हणालो. "तुम्ही विचारत होता. तुम्हाला काही ठाऊक नाही, हे मला तिथंच कळलं होतं. तरी मी ‘हो’ लिहिलं. सही करताना तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटं बोललो. आपल्याकडचा म्हणून तुम्ही विश्वास ठेवलात आणि मी तुमची नोकरी घालवली. चुकलं माझं. माफ करा मला."